रुपया कोणता, हाली की कलदार?



मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे दोन महिने लिहिणं बंद होतं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पहिलं वाचन काय नशिबी यावं, तर कर्जाचे कागद! तेही इंग्रजीतले, चौदा पानं, मुंगीएवढ्या अक्षरांत.

झालं असं. आमचं मूळ गाव पाथरीकडचं. माझा धाकटा पुतण्या तिथं मिनी डाळ मिल टाकतोय. तूर-हरभरा घरचा नि भावकीतला, जागा घरची, लाईटही आहे (म्हणजे असते कधीकधी). मशीन आणि शेडसाठी आठ लाखांचं मुदत कर्ज आणि माल भरायला चार लाखांचं कॅश क्रेडिट, असा त्याचा हिशोब. एका बँकेचं मंजुरीपत्र आलेलं. शिवाय एका फायनान्सवाल्याचा माणूस घरी येऊन दुसरा कागद ठेवून गेलेला.

"काका, बँक साडेअकरा टक्के म्हणते आन् हे बारा म्हणतेत. अर्ध्याच टक्क्याचा फरक. पर हे आठ दिवसांत पैसे टाकतेत. कुठं सही करू सांगा." मग जरा चाचरत म्हणाला, "आन् बँकेला एक जामीनदार लागतो. पेन्शनवाला असला तर बरं म्हणले सायब."

सौ. चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. का थांबली ते पुढं सांगतो. मला मात्र त्या क्षणी आमच्या आजोबांची आठवण झाली.

आजोबा निरक्षर. सही म्हणजे डाव्या हाताचा अंगठा. पण खत लिहायला बसले की लिहिणाऱ्याला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा म्हणे, "रुपया कोणता? हाली की कलदार?"

नव्या पिढीला हे कळायचं नाही. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. संस्थानाचा स्वतःचा रुपया होता, तो हाली. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. दोन्ही रुपयेच, पण किंमत सारखी नाही. सात हाली दिले तेव्हा सहा कलदार. शंभर कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. आता खतात नुसतं "रुपये १००" लिहिलेलं असलं, देताना हाली दिले आणि मागताना कलदार मागितले, तर एक पैसा व्याज न लावता शंभरामागं साडेसोळा रुपयांहून जास्त गेले! म्हणून तो प्रश्न. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाला हे नेमकं ठाऊक होतं, कारण चटके बसलेले.

(संस्थानानं १९४१ साली स्वतःची हैदराबाद स्टेट बँक काढली. हाली चलनाचा कारभार तिच्याकडं होता. १९५६ मध्ये तिचं नाव स्टेट बँक ऑफ हैदराबाद झालं आणि १ एप्रिल २०१७ ला ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. आमच्या वयाची माणसं अजूनही "हैदराबाद बँकेत जाऊन येतो" म्हणतात.)

वडिलांनी एका पत्र्याच्या पेटीत जुनी खतं जपून ठेवली होती. मोडीतली. नोकरीत असताना सुट्टीच्या वर्गाला जाऊन मी मोडी शिकलो, ती या पेटीपायी. खताची सुरुवात ठरलेली. धनको नाम अमुक, रिणको नाम तमुक. धनको म्हणजे देणारा, रिणको म्हणजे घेणारा. मग रक्कम, व्याज, मुदत, आणि शेवटी साक्षीदार.

एक खत शंभर रुपयांचं आहे. व्याज दरमहा दरशेकडा दोन, मुदत एक वर्ष. पण बाजूला बारीक अक्षरांत मनोती पाच रुपये. मनोती म्हणजे कर्ज दिल्याबद्दल सावकारानं आधीच कापून घ्यायची रक्कम. हातात आले ९५, व्याज मात्र शंभरावर. वर्षाअखेर द्यायचे १२४. सातवीच्या पोरांना मी हे गणित घालत असे. उत्तर २४ टक्के येत नाही, साडेतीस येतं. पुतण्याच्या मंजुरीपत्रात "प्रोसेसिंग फी" वाचली तेव्हा मी त्याला म्हणालो, ही मनोती बघ, नाव बदलून आलीय.

धान्याचं कर्ज वेगळं. आषाढात पेरणीला किंवा खायला जोंधळा आणायचा आणि सुगीत परत करायचा. चार पायल्यांच्या पाच दिल्या तर सवाई, सहा दिल्या तर दिढी. ऐकायला मामला साधा वाटतो. पण मुदत पाच-सहा महिन्यांचीच असायची. म्हणजे सवाईचा वर्षाचा दर पन्नास टक्क्यांच्या घरात आणि दिढीचा शंभराच्या! त्यातही काही सावकार आषाढातल्या चढ्या भावानं रक्कम पैशात मांडत आणि पौषात भाव पडल्यावर वसुली धान्यात घेत. उभ्या पिकावर आधीच उचल घ्यायची त्याला पालेमोड म्हणत. कापसाच्या पट्ट्यात, सेलू-मानवतकडं, हा शब्द घराघरात होता. माल बाजारात जायच्या आधीच त्याचा भाव दुसऱ्यानं ठरवलेला.

आता जरा इतिहासाच्या मास्तरासारखं बोलतो. "नवं-जुनं करणं" हा शब्द आजही गावोगाव चालतो. मार्चअखेर जुनं पीककर्ज भरलं असं दाखवायचं आणि लगेच नवं उचलायचं. याचं मूळ मला १८५९ सालात दिसतं. त्या साली इंग्रजांनी मुदतीचा कायदा केला. साध्या खतावर तीन वर्षांत दावा लावला नाही तर तो बाद. हेतू असा की ऋणको जन्मभर टांगणीला राहू नये. झालं उलटंच. सावकार दर तीन वर्षांनी जुनं खत फाडून नवं लिहून घेऊ लागला, आणि नव्या खतात थकलेलं व्याज मुद्दल होऊन बसू लागलं. दरमहा दोन रुपयांनी शंभराचे तीन वर्षांत १७२ होतात. ते मुद्दल धरून पुढच्या तीन वर्षांत जवळजवळ २९६. आणखी तीन वर्षांनी ५०८. तेच खत न बदलता सरळ व्याजानं चाललं असतं तर नऊ वर्षांनी ३१६ झाले असते. मधला १९२ रुपयांचा फरक नुसत्या कागद बदलण्याचा. ऋणकोला मात्र वाटायचं, बरं झालं, सावकारानं मुदत वाढवून दिली!

याच खतांची होळी १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात झाली. दख्खनचे दंगे म्हणून आपण शाळेत शिकतो. त्यात माणसांच्या जिवाला फारसा धक्का लागला नाही. लोकांचा रोख कागदांवर होता, खतं शोधून काढून जाळली. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी मदत कायदा आणला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी तरतूद अशी की खतावर आकडा काय आहे एवढं पाहून कोर्टानं थांबायचं नाही, मागं जाऊन मुळात हातात किती दिले, व्याज कसं चढलं, हे तपासायचं. शेतकऱ्यानं करून दिलेला दस्त नोंदवायचा, त्याला पावती आणि हिशोब द्यायचा.

अहमदनगर जिल्ह्याची हद्द ओलांडली की निजामाचा मुलूख. गोदावरीच्या अलीकडच्या शेतकऱ्याला जे मिळालं ते पलीकडच्याला नाही. आपल्याकडं सावकारांचा कायदा झाला तो १३४९ फसलीत, म्हणजे १९४० च्या आसपास. त्यात कचेरीची नि कोर्टाची भाषा उर्दू. खत मोडीत, दावा उर्दूत, आणि अंगठा देणाऱ्याला दोन्ही येत नाही.

आजोबांचं तेच झालं. आत्याच्या लग्नाला तीनशे रुपये घेतले. रुपया कोणता ते विचारलं, हाली असं लिहूनही घेतलं. चार एकरांचं पांदीचं शेत त्या बदल्यात लिहून दिलं. त्यांच्या समजुतीनं ते गहाण होतं. आमच्याकडं गहाणाचे प्रकार असत. नजरगहाणात जमीन तुमच्याच ताब्यात, सावकाराची फक्त नजर. ताबेगहाणात तो कसतो आणि पैसे फिटले की सोडतो. पण खतात शब्द होता "मुदत खरेदी". म्हणजे कागदावर विक्रीच, फक्त तीन वर्षांत पैसे परत केले तर जमीन परत विकण्याची अट. चौथ्या वर्षी आजोबा पैसे घेऊन गेले. धनको शांतपणे म्हणाला, पैसे कशाचे? शेत माझं आहे.

(सगळेच सावकार असे नव्हते हो. रात्री बारा वाजता बाळंतिणीसाठी दार उघडून पैसे देणाराही सावकारच होता, त्याच्याखेरीज होतंच कोण! पण हा तसा नव्हता.)

ते शेत आज तिसऱ्याच कुणाचं आहे. आमच्या घरात अजून त्याला "आपलं पांदीचं शेत" म्हणतात.

पुढं सहकार आला, सरकारी तगाई होतीच. सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा १९०४ चा. पण १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेनं देशभर ग्रामीण पतपाहणी केली. गोरवाला अध्यक्ष होते आणि आपले धनंजयराव गाडगीळ समितीत. शेतकऱ्याच्या दर शंभर रुपये कर्जातले जेमतेम तीन रुपये सहकाराकडून, तीन सरकारकडून, आणि व्यापारी बँकांकडून तर एक रुपयाही पुरता नाही. सत्तरच्या आसपास सावकाराचे, मग तो धंदेवाईक असो की शेतकरीच असलेला. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७६ साली नांदेडला मराठवाडा ग्रामीण बँक निघाली, तेव्हा कुठं तालुक्याच्या गावाला बँक दिसू लागली. व्याज खूपच उतरलं हे मान्यच केलं पाहिजे. पण कागद मोडीतून उठला तो इंग्रजीत जाऊन बसला. नजरगहाणाचं हायपोथिकेशन झालं, तारणाचं कोलॅटरल झालं, आणि जामिनाचं गॅरंटी.

आता सौ. का थांबली ते सांगतो.

१९८८ सालची गोष्ट. आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या भावाला पिठाची गिरणी टाकायची होती. एका पतसंस्थेचं आठ हजारांचं कर्ज. "सर, नुसती सही हो. फॉर्म पुरा करायला." मी बी.ए. झालेला, पोरांना इतिहास शिकवणारा, खतांची पेटी घरात असलेला माणूस! पेन्सिलीनं फुल्या मारल्या होत्या तिथं तिथं सह्या केल्या आणि चहा पिऊन आलो. माझी समजूत अशी की आधी ऋणकोकडं मागतील, त्याची गिरणी विकतील, त्यातूनही राहिलं तर माझ्याकडं येतील. दोन वर्षांनी शाळेत पत्र आलं, माझ्या पगारातून दरमहा तीनशे रुपये कापायचे. गिरणी चालू होती की बंद, कुणी बघितलंसुद्धा नाही.

वकिलाकडं गेलो. त्यांनी १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ दाखवलं. वेगळं काही लिहून ठेवलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच. कमी नाही आणि नंतरही नाही. धनको आधी तुमच्याकडं येऊ शकतो. आणि सहकारी कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे पगारातून कपात करायला मी स्वतःच संमती लिहून दिली होती, त्या फुल्यांपैकी एकीवर. चाळीस महिने कपात चालली. घराच्या दोन खोल्यांवर स्लॅब टाकायचा होता, तो राहिला. पुढं सहा पावसाळे पत्र्याखाली काढले. सौ.नं तेव्हा मला एक शब्द बोलून दाखवला नाही. रात्री पाऊस लागला की फक्त भांडी मांडायची.

असो. पुतण्याकडं येऊ.

त्याला म्हणालो, सही राहू दे, दोन दिवस मुक्काम कर. शब्दकोश काढला, मोठा काच भिंग काढला. आधी फायनान्सवाल्याचा कागद घेतला. "रुपया कोणता?" म्हणालो. तो हसला, पण मग मी एक लाखाचं गणित मांडलं. तीन वर्षं, बारा टक्के. फायनान्सवाल्याचे बारा सपाट होते. म्हणजे तू हप्ते भरत गेलास, मुद्दल उतरत गेलं, तरी व्याज शेवटपर्यंत पुऱ्या लाखावर. ३६ हजार व्याज, हप्ता ३,७७८ रुपये. बँकेच्या पद्धतीत व्याज उरलेल्या बाकीवरच. बारा टक्केच धरले तरी हप्ता ३,३२१ आणि एकूण व्याज साडेएकोणीस हजार. सपाट बाराचा खरा दर एकवीस टक्क्यांच्या पुढं जातो. अर्ध्या टक्क्याचा फरक म्हणत होता तो! पोरगं बराच वेळ कॅल्क्युलेटर दाबत बसलं. पटलं नाही म्हणून पुन्हा दाबलं.

मग त्याला एक गोष्ट सांगितली, जी त्याला ठाऊक नव्हती आणि मलाही भाचीनं सांगितली (ती बँकेत आहे). १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. घरगुती कर्ज असो की लहान धंद्याचं मुदत कर्ज, सही घेण्याआधी मुख्य गोष्टींचं एक पत्रक द्यावंच लागतं. त्यात फी, विमा, सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहायचा, आणि तो कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत. पत्रकात न दाखवलेली फी नंतर त्याच्या संमतीशिवाय लावता येत नाही. बँक असो की फायनान्स कंपनी, दोघांनाही लागू. तिथल्या तिथं त्यानं फायनान्सवाल्याला फोन लावला. "मराठीतलं पत्रक पायजे." पलीकडून उत्तर आलं, "साहेबांना विचारून सांगतो." अजून विचारतोच आहे.

बँकेचे कागद त्या मानानं सरळ होते. हप्ता थकला तर दंड किती, तोही लिहिलेला. त्या दंडावर पुन्हा व्याज चढवायला आता बंदी आहे (१८५९ च्या त्या नवं-जुनंची मला फार आठवण झाली). दर मात्र बदलता, म्हणजे वर जाऊ शकतो, हे त्याला दोनदा सांगितलं. कॅश क्रेडिटचा अर्थ त्याला चुकीचा लागला होता. चार लाख मंजूर म्हणजे चार लाख हातात, असं तो धरून चालला होता. तसं नसतं. गोदामात माल किती, येणं किती, याचं पत्रक दरमहा द्यायचं आणि त्यातून स्वतःचा वाटा वजा करून जेवढं बसेल तेवढीच उचल. व्याज उचललेल्या रकमेवर. माल विकून पैसा दुसरीकडं वळवला की खातं तुंबलंच. आणि सगळं यंत्र, सगळा माल नजरगहाण. तो शब्द मी त्याला मुद्दाम आजोबांच्या खतातून दाखवला.

बाराव्या पानावर जामीन. तिथं मात्र मी अडलो. हमी या कर्जापुरती नव्हती, सततची होती. म्हणजे पुढं त्यानं मर्यादा वाढवून घेतली, खातं नवं केलं, तरी जुनी सही चालू. मॅनेजरसाहेबांना भेटलो. माणूस सज्जन. म्हणाले, "सर, मसुदा मुख्य कार्यालयाचा आहे, मला शब्द बदलता येत नाही." मग मीच विचारलं, लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणारी सरकारी ट्रस्ट योजना आहे ना, २००० सालापासूनची? त्यात तिऱ्हाइताचा जामीन लागत नाही. साहेब म्हणाले, "आहे, पण दरवर्षी त्याची फी भरावी लागते, ती कर्जदारावर येते." पुतण्या माझ्याकडं बघायला लागला. फी किती होईल ते कागदावर मांडून घेतलं आणि त्याला म्हटलं, ही मनोती आहे खरी, पण ही तुझ्या काकाच्या पेन्शनपेक्षा स्वस्त आहे.

त्याला वाईट वाटलं असेल. जाताना पाया पडला, पण नेहमीसारखा बडबडला नाही. वहिनींचा, म्हणजे त्याच्या आईचा, दुसऱ्या दिवशी फोन आला नाही, तोही रोज येतो.

सुधारलेला अर्ज देऊन आज अठरा दिवस झाले. मंजुरी अजून आलेली नाही. काल पुतण्याचा निरोप आला, "काका, नवे कागद आले की परत येतो, भिंग काढून ठेवा." सौ.नं तो निरोप वाचला आणि यंदा पावसाच्या आधी गच्चीला पाणीरोधक लावायचं का म्हणून विचारलं.